फुली सरकू नये म्हणून: शिबारीत दोरीवरून दोरी जाते तिथले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबारी म्हणजे माणसाला दोरीने बांधायची जपानी कला. मालवण-वेंगुर्ल्यापासून दापोली-हर्णैपर्यंत ही दोरी शिकू पाहणारी जी मंडळी भेटतात, त्यांची गाडी बहुतेक एकाच ठिकाणी अडते. मनगटाचा पहिला बंध जमतो, छातीभोवतीचे फेरेही जमतात. मग दोरीवरून दोरी जाते आणि ती तिथं राहत नाही. खालचे प्रश्न त्याच जागेबद्दलचे आहेत. मजकूर १८ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि जमिनीवर बसून किंवा उभं राहून केलेल्या बांधणीपुरताच आहे.

फुली म्हणजे नेमकं काय?

छातीभोवती किंवा मांडीभोवती दोरीचे दोन-तीन फेरे शेजारी शेजारी बसतात, तो आडवा पट्टा. पाठीच्या मधून वर-खाली जाते ती उभी दोरी. ही दोन एकमेकींना ओलांडतात ती जागा म्हणजे फुली. शिबारी करणारे जगभर त्या जागेच्या पकडीला ‘फ्रिक्शन’ म्हणतात, आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळलाय.

फुली पकडली नाही तर बांधलेल्या माणसाने नुसता खांदा हलवला तरी पट्टा सरकतो. दंडाच्या मधोमध बसवलेला पट्टा वर काखेत घुसतो किंवा खाली कोपराकडे उतरतो, आणि या दोन्ही जागा वाईट. दिसायला नीटनेटकं हवं म्हणून फुली बांधतात असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. पट्टा आपण ठेवला तिथंच राहावा, हे तिचं खरं काम. नक्षी त्यातून आपोआप होते.

शिबारी आली कुठून?

जपानमधून. एदो काळात (१६०३ ते १८६८) गुन्हेगाराला पकडून बांधण्याची होजोजुत्सु नावाची शस्त्रविद्येतली शाखा होती. विसाव्या शतकात तिथल्या चित्रकारांनी, रंगभूमीने आणि मासिकांनी त्या बांधणीला शृंगारिक वळण दिलं. इतो सेइउ (१८८२-१९६१) या चित्रकाराचं नाव त्यात सगळ्यात आधी घेतात. या शृंगारिक प्रकाराला किन्बाकु म्हणतात. जपानबाहेर शिबारी आणि किन्बाकु हे शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरले जातात.

म्हणजे हे अश्लील आहे का?

त्याचं मूळ शृंगारिक आहे, ते लपवून काही होत नाही. पण फुली कशी पकडायची हा निव्वळ हातकामाचा प्रश्न आहे. दोन सज्ञान माणसांनी आपापसात ठरवलेलं असेल तर त्यापुढचं त्यांचं त्यांनी पाहावं. वाडीत भिंतींना कान असतात हे मात्र तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमचे काका मांडव घालतात. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, “ह्यां तर आमचांच.” खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार उपयोगाचं आहे.

मांडवाच्या मेढीवर आडवा बांबू ठेवून काका सुंभाने बांधतात ते नीट बघा. आधी मेढ आणि बांबू दोन्हींना घेऊन तीन-चार वेढे पडतात. मग शेवटचं टोक त्या वेढ्यांच्या मधून, म्हणजे मेढ आणि बांबू यांच्या फटीतून फिरवून वेढे आवळले जातात. बांधणी खरी घट्ट होते ती या दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या वेढ्यांनी फक्त जागा ठरते. शिबारीतही जागा ठरवणं आणि ती पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याला हे मांडवात कळलं, त्याला फुली लवकर कळते. गणपतीच्या वर माटवी बांधताना केवणीच्या सालीने एकेक फळ टांगलेलं असेल तर तुमच्या बोटांना निम्मी सवय आधीच आहे.

उरलेलं अर्धं चुकीचं आहे, आणि ते कळलं नाही तर धोका आहे. बांबू दबत नाही, श्वास घेत नाही, त्याला नसा नाहीत. काका वेढे आवळतात तेव्हा बांबू आणि मेढ एकमेकांवर दाबली जातात, आणि जितकं दाबाल तितकं चांगलं. अंगावरच्या फुलीत दोरी फक्त दोरीवर आवळायची असते. खालच्या कातडीपर्यंत तो ताण पोचायला नको. काकांना दोन्ही हातांनी मागे रेलून सुंभ ओढताना पाहिलं असेल, तर तेवढी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकू नका.

सरळ गाठ मारली तर काय बिघडतं? निरगाठ मारली की विषय संपला.

निरगाठ सरकणार नाही, हे कबूल. पण ती सोडवायला दोन्ही हात, नखं आणि वेळ लागतो. समोरच्याच्या हाताला मुंग्या आल्या असतील तेव्हा यातलं काहीच हाताशी नसतं. एका छातीच्या बांधणीत सहा-सात फुल्या येतात. सगळ्यांवर निरगाठी मारल्या तर ती बांधणी कापूनच काढावी लागते. शिवाय गाठीचा गोळा एका बिंदूवर टोचतो, आणि माणूस पाठीवर निजला की तो टोचतोच.

सुरगाठ तर अजिबात नको. टोक ओढलं की ती सुटते खरी, पण दुसरी बाजू ओढली की आवळत जाते. फास असाच तयार होतो.

चांगली फुली दोन्ही बाजूंना ताण असेपर्यंत धरून ठेवते, आणि टोक मोकळं केलं की एकेक वेढा हाताने उलगडत जाते. गाठ हवीच असेल तर ती अगदी शेवटी, बांधणी संपल्यावर, एकच मारतात.

दोरीला दोरी नुसती घासून एवढी धरते कशी?

याचं गणित अठराव्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने मांडलं. दोरी एखाद्या गोल वस्तूभोवती जितक्या कोनातून वळते, त्याप्रमाणे पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर अर्ध्या वळणाला एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला सुमारे अडीच पट पेलता येते. पूर्ण एका वेढ्याला साडेसहा पट. दोन पूर्ण वेढ्यांना त्रेचाळीस पट. बंदरावर होडी लागताना खलाशी खुंट्याला दोन वेढे टाकतो आणि एका हाताने होडी थोपवतो, ते याच जोरावर.

म्हणून फुली सरकत असेल तर जोरात ओढू नका, अर्धं वळण वाढवा. जास्त ओढल्याने वाढतो तो अंगावरचा दाब. फुलीची पकड वळणाने वाढते.

फुली पकडायच्या मुख्य पद्धती कोणत्या?

नावं गटागणिक बदलतात, त्यामुळे नावांपेक्षा दोरीचा रस्ता लक्षात ठेवा. खालच्या पहिल्या दोन वर्णनांत उभी दोरी तुमच्या समोर आहे आणि हातातली दोरी डावीकडून येतेय असं धरा.

सगळ्यात साधा तो वेढा. हातातली दोरी उभ्या दोरीवरून उजवीकडे न्या, मागून डावीकडे आणा, परत वरून उजवीकडे न्या. झालं. दोरी आली त्याच दिशेने पुढे जाते. ही पकड आडव्या दोरीचा ताण धरते, पण उभ्या दोरीवर वर-खाली सरकू शकते. जिथं सरकून काही बिघडत नाही तिथंच ती ठेवावी.

दुसरी पद्धत आम्ही सगळ्यात जास्त वापरतो. इंग्रजी पुस्तकांत तिला क्रॉसिंग हिच म्हणतात, आणि शिबारीवाले बरेचदा मुंटर म्हणतात. वेर्नर मुंटर हा स्विस गिर्यारोहक. दोर सोडताना वेग आवरायची एक गाठ त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि हिची घडण तीच आहे. हातातली दोरी उभ्या दोरीवरून उजवीकडे जाते. मग वरच्या अंगाने वळून उभ्या दोरीच्या मागून डावीकडे येते. डावीकडे आल्यावर ती स्वतःच्याच येणाऱ्या भागावरून खाली उतरते. आणि शेवटी उभ्या दोरीच्या मागून पुन्हा उजवीकडे निघते. वरून, मागून, स्वतःवरून, मागून. हे चार शब्द पुटपुटत केलं की हात चुकत नाहीत. पूर्वी टपालाचं पार्सल सुतळीने बांधायचे, तेव्हा दोन सुतळ्या एकमेकींना ओलांडत तिथं हेच वळण असायचं. दोरी आपल्या दिशेनेच पुढे जाते, उभी दोरी जागची हलत नाही, आणि सोडवताना टोक मागे सारलं की सगळं उलगडतं.

तिसरी पद्धत एक्सची. ही पट्टा रुंद असेल तेव्हाची, म्हणजे चार किंवा सहा दोऱ्या शेजारी शेजारी असतील तेव्हाची. इथं आधी एक गोष्ट बघून घ्या: आडवा पट्टा वर आहे की उभी दोरी वर आहे? पट्टा वर असेल तर हातातली दोरी डावीकडे खालून निघून फुलीवरून तिरपी उजवीकडे वर जाते. पट्ट्याच्या वर उभ्या दोरीच्या मागून डावीकडे येते. मग पुन्हा फुलीवरून तिरपी उजवीकडे खाली उतरते आणि पट्ट्याच्या खाली उभ्या दोरीच्या मागून डावीकडे येते. समोरून दोन तिरप्या रेषांचा एक्स दिसतो आणि पट्टा उभ्या दोरीवर दाबून बसतो. उभी दोरी वर असेल तर हेच सगळं नव्वद अंशांत फिरवायचं. म्हणजे मागून जायचं ते पट्ट्याच्या, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. हे उलटसुलट झालं तर एक्स दिसतो छान, पण धरत काहीच नाही. फोटोवरून शिकणाऱ्यांचं इथं हमखास फसतं, कारण फोटोत वरची बाजू दिसते, मागचा रस्ता दिसत नाही.

चौथी म्हणजे हिशीची, शंकरपाळ्यासारख्या चौकोनांच्या नक्षीतली. तिथं दोन दोऱ्या समोरासमोर येतात, एकमेकींत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत फिरतात. पकड नावाचं वेगळं काही नसतंच. दोन्हीकडचा ताण सारखा असेपर्यंतच चौकोन उभा राहतो, आणि एक बाजू ढिली पडली की सगळी नक्षी वाकडी होते. दिसायला मोहक असल्यामुळे नवशिके हिच्याकडेच आधी धावतात. आमच्या मते ती दुसऱ्या पद्धतीनंतर शिकावी.

कन्नुकी हीसुद्धा फुलीच ना?

नाही, आणि ती या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. दंड आणि छाती यांच्या फटीतून दोरी नेऊन पट्टा तिथं चिमटून धरतात, त्याला कन्नुकी म्हणतात. जपानीत कन्नुकी म्हणजे दाराचा अडसर. ती काखेजवळून जाते आणि कातडीच्या दिशेने आवळते. समोर बसून कोणी शिकवल्याशिवाय ती करू नये.

पद्धत बरोबर केली, तरी फुली सरकते. का?

बहुतेक वेळा दोष फुलीत नसतो, फुलीच्या आधीच्या ताणात असतो. पट्टा ढिला ठेवून फुली घट्ट केली तर फुली त्या पट्ट्यातली ढील ओढून घेते आणि स्वतः ढिली पडते. आधी पट्टा नीट बसवा. दोन बोटं आडवी जातील, तिसरं जाणार नाही इतपत. मग एक हात फुलीच्या जागेवर ठेवून तो ताण धरा, आणि दुसऱ्या हाताने वळण घ्या. ज्यांचा धरलेला हात वळण घेताना सुटतो, त्यांची फुली सरकते. आमच्या पाहण्यात हे कारण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येतं, तरी माणसं दोरीला नावं ठेवतात.

दुसरं कारण दिशा. फुलीतून बाहेर पडलेली दोरी पुढे कुठं जाणार आहे? ती आली त्याच बाजूला परत ओढली जाणार असेल, तर नुसता वेढा उलगडतो. अशा वेळी दुसरी पद्धत घ्या.

तिसरं कारण दोरीची जाडी. पट्टा ६ मिलीमीटरच्या दोरीचा आणि त्यावरून ४ मिलीमीटरची सुतळी, असं केलं तर बारीक दोरी जाडीवर चावते, पण तिथं राहत नाही.

चौथं कारण नवी कोरी दोरी. नव्या ज्यूटवर कारखान्यातलं तेल असतं, ती गुळगुळीत लागते. चार-सहा वेळा वापरली की नीट धरू लागते.

फुली आवळली की खालचा पट्टाही आवळतो. हे चालेल?

नाही. हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी नीट बघितलंय असं समजा.

अशी पारख करा: फुली पूर्ण झाल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं घाला. फुलीच्या आधी जात होती आणि आता जात नाहीत, याचा अर्थ तुमचं वळण पट्टाभर ताण पसरवतंय. बहुतेक वेळा दोरी कातडीकडे खाली खेचून वळवलेली असते. वळण घेताना हात कातडीला समांतर ठेवा. फुली वर उचलून, तिच्याखाली एक बोट घालून वळवली तर आवळण दोरीपुरतं राहतं. दोरी भराभर ओढून काढू नका. कातडी भाजते, आणि ते भाजणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं.

दोरी दुहेरी असते. दोन्ही पदर फुलीत एकमेकांवर चढतात, काय करावं?

सात-आठ मीटरची दोरी मधोमध दुमडून वापरतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दोन पदर येतात. ते शेजारी राहिले तर दाब दोघांवर वाटला जातो. एक दुसऱ्यावर चढला की सगळा दाब वरच्या पदराखालच्या रेघेवर येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन्ही पदर चपटे धरून वळण घ्या, आणि मागून बाहेर आल्यावर अंगठ्याने एकदा सपाट करा. पुढच्या फुलीकडे गेल्यावर मागची दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे तिथंच उरका.

दोरी नेमकी फुलीवर संपली तर?

फुलीत जोड देऊ नका. तिथं आधीच तीन-चार थर असतात, त्यात जोडाचा गोळा आला की तो रुततो. एक फुली मागे जा, तिथून नवी दोरी जोडा. नव्या दोरीच्या दुमडीचा फास जुन्या दोरीच्या टोकांवरच्या गाठींमागे अडकवला की जोड होतो. तो जोड पट्ट्यावर, मऊ जागी येऊ द्या. मणक्यावर किंवा बरगडीच्या कडेवर नको.

इथल्या बाजारात मिळणारी कोणती दोरी चालते?

काथ्याचा सुंभ गावात सहज मिळतो, खाऱ्या पाण्यात टिकतो, आणि फुलीत उत्तम धरतो. पण त्याचे केस कातडीत घुसतात. उघड्या अंगावर नको. मेढीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर सराव करायला मात्र झकास, कारण तो चूक लपवत नाही.

बंदरावर मिळणारी हिरवी-निळी दोरी पॉलिप्रॉपिलीन किंवा तत्सम प्लास्टिकची असते. ती फुलीत घसरते आणि घासून तापली तर कातडी भाजते. नायलॉन ताणलं जातं. बांधताना ठीक वाटतं आणि दहा मिनिटांनी आखडून जास्त आवळतं.

घायपाताची दोरी सुंभाइतकीच टोचरी. सुती दोरी मऊ असते, नवशिक्यांना बरी, पण तिच्या फुल्या ताणाखाली दबून जाम होतात.

उरलं ज्यूट. साधारण ६ मिलीमीटर जाडीची, तीन पेडांची आणि फार कडक पीळ नसलेली दोरी बघा. दुकानात पोत्याची सुतळी दाखवतील, ती नको. घरी आणल्यावर तिचे केस गॅसच्या बारीक ज्योतीवरून भरभर फिरवून जाळून टाकतात. एकदा संपूर्ण दोरी, थांबायचं नाही. ओट्यावरचं तेल आणि प्लास्टिक आधी दूर करा आणि बाजूला पाण्याची बादली ठेवा. मग ओल्या फडक्याने काजळी पुसायची.

पावसाळ्यात सगळ्या फुल्या बिघडतात. आमचं काही चुकतंय का?

हवा चुकतेय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाऊस नसतानाही भिंती ओल धरतात. ज्यूट हवेतलं पाणी पिणारा धागा आहे. व्यापारात त्याच्या वजनात १३.७५ टक्के ओलावा सर्रास धरला जातो. आपल्या जुलैत तो त्याहून बराच वर जातो.

त्याचे परिणाम तीन. धागे फुगतात, म्हणून दोरी जाड होते आणि मे महिन्यात सहज निघणारी फुली जुलैत जाम बसते. दोरी जड आणि लिबलिबीत होते, त्यामुळे वळण कडक राहत नाही. आणि ओल्या ज्यूटची ताकद घटते. सुती दोरीचं उलट आहे, ती ओली झाल्यावर थोडी बळकट होते, पण तिच्या फुल्या त्याहून जास्त जाम होतात. या दिवसांत एक वेढा कमी घ्या आणि पट्टा नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा. बांधणी लवकर सोडा.

दोरी भिजली तर पंख्याखाली, थोडा ताण देऊन, दोन टोकं बांधून वाळवा. वर काही वजन टांगायची गरज नाही. कडक उन्हात ज्यूट ठिसूळ होतं. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पुड्या अधूनमधून बदला. दोरी ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर आठवड्यात काळे ठिपके दिसतील. बुरशी लागलेली दोरी धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका, ती बागेत काकडीच्या वेलाला द्या. आणि माळ्यावर सुक्या बांगड्याशेजारी दोरी टांगायची कल्पना ज्यांना सुचते त्यांना एकच विनंती, असं करू नका. तो वास जात नाही.

खोबरेल लावलं तर चालेल का?

चालेल, बेताने. तळहाताला थेंबभर चोळून दोरी त्यातून एकदा ओढून घ्यायची, एवढंच. जास्त झालं की फुली घसरते आणि धूळ चिकटते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तेव्हा जानेवारीच्या पहाटे दोरी थोडी कडक लागली तर घाबरू नका. जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात, आणि होहोबाचं तेल खवट होत नाही म्हणून अनेकांना आवडतं. होडीला लावायचं उंडीचं तेल अंगावरच्या दोरीला नको.

किनाऱ्यावर, वाळूत बसून बांधणी केली तर?

फोटो छान येतात, दोरी संपते. वाळूचे कण पिळात शिरतात आणि आतून धागे कापत राहतात. शिवाय खाऱ्या वाऱ्याने दोरीवर मीठ बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे दोरी घरी आणल्यावरही वाळत नाही. फुलीत वाळू असेल तर ती कातडी घासते ते वेगळंच. करायचंच असेल तर जुनी दोरी न्या, आणि सार्वजनिक जागा आहे हे विसरू नका.

फुली अंगावर कुठं येऊ देऊ नये?

मानेवर, कुठंही नाही. गळ्यावरून दोरीच नको.

काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला नको. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्यावर नको. तिथून पायाची एक नस, म्हणजे मज्जातंतू, अगदी वरून जाते, आणि ती दबली तर पाऊल उचलता येत नाही.

सगळ्यात जास्त जपायची ती दंडातली रेडियल नस. ती दंडाच्या मागून हाडाला चिकटून वळसा घेते आणि दंडाच्या खालच्या भागात बाहेरच्या बाजूला येते. छातीच्या बांधणीतले पट्टे नेमके याच दंडावरून जातात. प्रत्येकाची नस थोडी वेगळ्या जागी असते, त्यामुळे ‘इथं दोरी सुरक्षित’ असं बोट ठेवून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फुलीचा गोळा दंडावर येऊच न देणं आणि पट्टा सरकणार नाही हे बघणं, एवढं आपल्या हातात आहे.

नस दुखावते तेव्हा दुखतंच असं नाही. हात निळसर किंवा गार पडणं ही रक्ताची खूण, ती दिसते. नसेची खूण विचारावी लागते. दर काही मिनिटांनी सांगा: मनगट वर उचल, मी दाबतोय त्याविरुद्ध. बोटं फाकव. अंगठा करंगळीला लाव. यातलं काही कमी पडलं, किंवा हाताच्या पाठीवर बधिर वाटलं, तर विचार करत बसू नका, सोडा. मनगट लोंबकळू लागलं तर बरं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि तेव्हा घरगुती मालिश नव्हे, डॉक्टर लागतो.

बांधून घेणाऱ्याने ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरलेलं असावं. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून चहा टाकायलाही जायचं नाही. दारू प्यायलेल्याने बांधू नये आणि बांधून घेऊही नये.

याच फुल्या वापरून टांगता येईल का?

हे वाचून, नाही. टांगलं की दोरीवरचा भार आणि त्याची दिशा दोन्ही बदलतात. जमिनीवर पक्की बसलेली फुली तिथं सुटू शकते किंवा आवळू शकते. वर घराचा वासा किती वजन पेलतो, हा आणखी वेगळा प्रश्न. पोफळीचा वासा कौलांसाठी घातलेला असतो, माणसासाठी नाही.

सराव कशावर करावा?

लोडावर. लोड दबतो, त्यामुळे पट्टा किती आवळतोय ते लगेच दिसतं. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर दुसरी पद्धत डोळे मिटून जमेपर्यंत करा. मग स्वतःच्या मांडीवर करा, म्हणजे वळण घेताना कातडी कुठं चिमटते ते आपलं आपल्याला कळतं. माडाच्या खोडावर करायचा मोह होतो, पण खोड खरबरीत असल्याने तिथं काहीही केलं तरी धरतं, आणि खोटा आत्मविश्वास येतो.

जाम झालेली फुली सोडवायची कशी?

टोक ओढू नका. टोक ओढल्याने ती आणखी बसते. शेवटचं वळण जिथं मागून बाहेर आलं ते शोधा, आणि तिथली दोरी आतल्या दिशेने ढकला. दोन्ही पदर एकत्र, एकेक नाही. ढील आली की फुलीचा मधला भाग अंगठ्याने मागे-पुढे करा. तरी निघाली नाही तर पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने ढील आणून फुलीकडे सरकवा.

अर्ध्या मिनिटात निघाली नाही आणि समोरच्याला काही त्रास होतोय, तर कापा. बोथट टोकाची, पट्टी कापायची कात्री असते तीच हवी. औषधांच्या किंवा शस्त्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात मिळते. स्वयंपाकघरातली सुरी किंवा कोयता नको, त्याचं टोक कातडीकडे जातं. कापायचं ते फुलीवर नाही. तिथं थर जास्त असतात, कात्री अडते. पट्ट्याखाली कात्रीचं बोथट टोक सरकवून पट्टा कापा, म्हणजे ताण लगेच जातो, फुली मग निवांत सोडवता येते. कात्री डब्याच्या तळाशी ठेवू नका, बांधायला बसलात की उजव्या हाताशी ठेवा. आणि नवी आणलेली कात्री एकदा दुहेरी ज्यूटवर चालवून बघा. दिसायला चकचकीत असलेल्या काही कात्र्या फक्त सुती पट्टीच कापतात.